तळव्यावरचे मेण

“या तळव्याला मेण कोणी लावलं?”

मावशींनी उजव्या पायाचा बूट उलटा धरला होता. तासाभरापूर्वी तालमीत भिंगरी घसरून पडली होती. मंडळाची ही मुख्य नर्तकी. गरगर फिरण्यात तिचा हात कोणी धरत नसे, म्हणून सारे तिला भिंगरीच म्हणत. गुडघा धरून ती अशी किंचाळली की वादकांचे हात जागच्या जागी थिजले. तिला उचलून गाडीत घातले. बूट रंगमंचावरच राहिला होता. तो मावशींनी स्वतः खोलीत आणला.

नाट्यगृहाच्या मागच्या या खोलीत एकतीस वर्षे मावशींचा शब्द चालत आला होता. चामडी बूट ओल्या फडक्याने पुसायचे, वाळवायचे, मगच मेण. मखमली कातड्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये, ब्रशही एकाच दिशेने. कापडी बूट साबणाच्या फेसाने धुऊन सावलीत ठेवायचे. आणि नाचाच्या बुटांच्या तळव्यांवर केवळ तारेचा ब्रश, म्हणजे ते खरखरीत राहतात. “तळवा चमकला की नर्तकी आपटते,” हे सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, आणि त्यानंतर न चुकता रोज.

ती सून आत्ताच दारात येऊन उभी राहिली होती. आईला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचे म्हणून सकाळची रजा तिने घेतली होती, सहा वर्षांतली पहिली.

“आलात? या! सारं लक्ष माहेरी, मग हात काय करतायत ते कळणार कसं? काल जाता जाता फडकं फिरवलंस ना यावरून?”

“आई, तुम्ही आधी बसा.”

“मला बसायला सांगू नकोस. एका पोरीचा पाय मोडलाय. विचारलंय त्याचं उत्तर दे.”

सून खाली बघत राहिली. तिचे हे गप्प राहणे मावशींना लग्नाच्या बोलणीपासून खुपत आले होते.

“बोलू नकोस. तळवा कसा असतो, तेच दाखवते तुला.”

कमरेची किल्ली काढून त्यांनी कपाट उघडले. आतल्या सहा जोड्या आज सकाळी त्यांनी एकटीने केल्या होत्या. पहिला बूट काढून तळवा सुनेच्या नाकासमोर नाचवला. खरखरीत, जसा हवा तसा. दुसऱ्या जोडीतला बूट उलटा केला आणि त्यांचा अंगठा तळव्यावरून सर्रकन घसरला.

तिसरा बूटही तसाच. चौथा ठीक. पाचव्याच्या तळव्यात खिडकीचे गज दिसत होते.

खोलीत सकाळपासून दुसरे कोणी आलेले नव्हते. किल्ली कमरेवरून हललेली नव्हती. मावशींनी स्वतःचे हात समोर धरले आणि एखाद्या परक्या बाईचे असावेत तसे पाहिले.

“हे... मी?”

“चार महिने झाले, आई.” सुनेचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “रोज नाही. मधूनच. तुम्ही चहाला गेलात की मी तळवे बघून घ्यायचे, ब्रश मारायचे. आज मी नव्हते.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“कसं सांगणार? तुम्हाला?”

मावशींना स्टूल सापडेना. ते त्यांच्या मागेच होते. सुनेने पुढे सरकवले तेव्हा त्या बसल्या.

एवढ्यात व्यवस्थापक धापा टाकत आला. “डॉक्टर म्हणतात, गुडघ्यातला बंधच तुटलाय. सहा महिने नाच विसरा, पुढचंही काही सांगत नाहीत. बूट कोणी केले होते?”

“साहेब, ते माझ्या...” सून पुढे झाली.

“तू गप्प बस!” मावशी उठल्या. भिंतीला हात न लावता उठल्या. “माझ्या हातून झालं.”

“मावशी, सुनेला पाठीशी घालू नका.”

“एकतीस वर्षांत मी कोणाला पाठीशी घातलेलं पाहिलंत?”

व्यवस्थापकाने बुटाकडे पाहिले, मावशींकडे पाहिले आणि तो पाय न वाजवता निघून गेला.

मावशींनी कपाटाची किल्ली सुनेच्या तळहातावर ठेवून तिची बोटे मिटली. “संध्याकाळी दवाखान्यात जायचंय. तिला मी सांगेन, माझ्या तोंडाने. तू बरोबर ये, पण बोलायचं नाही. बोलण्यात तुझा हात कोणी धरत नाही तसाही.”

सुनेला हसू आले आणि डोळेही भरले. तिने तारेचा ब्रश घेतला आणि पाचव्या बुटापासून सुरुवात केली.

“एका दिशेने,” मावशी सवयीने म्हणाल्या, आणि थबकल्या. “एकाच दिशेने ना गं?”

“ते मखमलीला, आई.”

“हो. मखमलीला.”

मेणाचे फडके अजून त्यांच्या कमरेला खोचलेले होते. त्यांनी धुतलेल्या रुमालासारखी त्याची चौघडी घातली, ते डबीत ठेवले आणि झाकण बसेपर्यंत दाबत राहिल्या.