सज्ञान मुलीची गाडी

मी एक स्कूटर आहे. रंग निळा होता. आता अर्ध्या अंगावर गंज आणि उरलेल्यावर कबुतरांची घाण. नागपुरातल्या एका पोलीस ठाण्यामागच्या आवारात, चेपलेला टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये मी चार वर्षं उभी आहे. मी कुणाला धडक दिली नाही, चोरीत सापडले नाही. माझी मालकीण हरवली, एवढाच माझा गुन्हा.

ती कामिनी हेडाऊ. मूळची खाप्याची, मानेवाड्यात खोली करून राहायची. एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. माझ्या पायदानावर बर्फाचा डबा, त्यात नावं लिहिलेल्या नळ्या. एका आजोबांना सुईची फार भीती. ती त्यांना जावयाच्या तक्रारी सांगायला लावायची आणि तेवढ्यात आपलं काम उरकून घ्यायची. मी फाटकाशी उभी राहून ऐकायचे. डब्यावर ऊन आलं की ती ओला रुमाल टाकायची.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. सदरमधल्या एका गल्लीत तिला फोन आला. तिनं मला कडेला लावलं.

"हो, पोचली मी. कोणत्या बाजूनं येऊ?"

हेल्मेट आरशाला अडकवलं, हँडल लॉक केलं आणि ती कोपऱ्यावरून वळली. डबा माझ्याजवळच होता. तीन माणसांचं रक्त होतं त्यात. ती परत आली नाही. कोपऱ्यापलीकडचं मला दिसत नव्हतं. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी लॅबचा रजत मला शोधत आला. त्यानं डबा उघडला आणि फोन लावला. "सर, सॅम्पल गेले. बर्फ पूर्ण पाणी झाला. तिन्ही पेशंटले परत बोलवा लागते." कामिनी कुठे आहे, हे त्याचं चौथं वाक्य होतं. मी मोजलं.

मग मला इथे ओढत आणलं. ठाण्याची मागची खिडकी उघडी असते, त्यामुळे आतलं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. तिचे वडील चंपतराव आले होते. खाप्याच्या नगरपरिषदेत नळाचं पाणी सोडायचं काम करून निवृत्त झालेला माणूस.

साहेब म्हणाले, "काका, मुलगी सज्ञान आहे. गेली असेल कुणासोबत. येईल."

"साहेब, जायचंच असतं तं तिनं आधी डबा पोचवला असता."

"म्हणजे?"

"लोकायचं रक्त रस्त्यात टाकून जाणारी पोरगी नाही ते."

साहेबांनी हे लिहून घेतलं नाही. कागदावर एकच शब्द गेला, सज्ञान. त्या शब्दाची पुढे फार सोय झाली. गल्लीतल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात पंधरा दिवसांचं चित्रण राहतं. शिपाई बाविसाव्या दिवशी गेला. आलेला फोन कुणाचा होता, त्याचा तपशील "मागवला आहे". चार साहेब बदलले. प्रत्येकानं चंपतरावांना नव्यानं विचारलं, "घरात काही भांडण झालं होतं का?"

ते दर महिन्याला एसटीनं यायचे. आत चौकशी करून झाली की मागे यायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं माझी सीट पुसायचे. हवालदार नत्थूजींना राहवलं नाही.

"काका, गाडी घेऊन जा ना. सडून राहिली."

"राहू द्या. गाडी इथं आहे तोवर मले इथं यायले कारण आहे. घरी नेली तं तुम्ही फाइल कपाटात टाकून मोकळे व्हाल."

नत्थूजी आत निघून गेले.

मागच्या आठवड्यात फलकावर यादी लागली. बेवारस वाहनांचा लिलाव. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं चौदा लिहिलं गेलं. चंपतरावांनी चष्मा लावून यादी वाचली. मग पुन्हा वाचली.

"नत्थूजी, बेवारस काहून लिहिलं? मी तं दर महिन्याले येऊन राहिलो."

"वरून यादी आली, काका. हा फॉर्म घ्या. सही करा अन् आजच घेऊन जा."

चंपतराव बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेले. खाली छापलं होतं: वाहन मिळाले. आता माझी कोणतीही तक्रार नाही.

त्यांनी पेन घेऊन दुसरं वाक्य खोडलं आणि खाली सही केली.

"खाडाखोड चालत नाही, काका. साहेब घेणार नाहीत. दुसरा फॉर्म देऊ का?"

"माही तक्रार आहे," चंपतराव म्हणाले. "नाही कशी लिहू?" आणि त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

माझ्यापाशी आले. हँडलवर हात ठेवून उभे राहिले. मग एसटीची वेळ झाली म्हणून गेले.

लिलाव सोमवारी आहे. भंगारवाले काल येऊन मला ठोकून बघून गेले. माझं काय व्हायचं ते होवो. पण पुढच्या महिन्यात चंपतराव येतील, आणि फाटकावरचा नवा शिपाई विचारेल, काय काम आहे. तेव्हा त्यांना आत येऊ द्या. बसायला द्या. आणि मुलीचा तपास कुठवर आला असं त्यांनी विचारलं, तर काहीच केलेलं नाही हे त्यांच्या तोंडाकडे बघून सांगा. चार वर्षांत तेवढंही कुणी केलेलं नाही.