खडीच्या रस्त्याचे चार टायर

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी मोटार आहे. माझ्यात दोनच माणसे नीट बसतात. तिसऱ्याला बसायचे असेल तर सीटमागच्या अरुंद फळीवर अंग चोरून बसावे लागते. डोक्यावर कापडी छप्पर आहे, ते मागे दुमडता येते. लोक मला ‘स्पोर्ट गाडी’ म्हणतात. एके काळी मी लालभडक होते, आता विटकरी झाले आहे. पण मी तुम्हाला माझ्या रंगाची गोष्ट सांगणार नाही, पायांची सांगणार आहे. मोटारीचे पाय म्हणजे तिचे टायर.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. ज्यांनी मला घडवले त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, हिने जोरात पळावे. बोटीने मी मुंबईला आले आणि हात बदलत बदलत दौंडच्या रॉबिन्सन साहेबांकडे पोहोचले. साहेब मेल गाडीच्या इंजिनाचे ड्रायव्हर होते. इंजिनावरून उतरले तरी त्यांचा वेग उतरत नसे. पाटस ते कुरकुंभ या सरळ रस्त्यावर ते मला मोकळी सोडत. बाभळी भराभर मागे जात. शेतातली माणसे काम थांबवून बघत राहत. ते कौतुक मला फार आवडे.

पुढे साहेबांच्या पत्नी आजारी पडल्या. दौंडच्या रेल्वे दवाखान्यात गिताबाई नावाच्या नर्स होत्या. त्यांनी मेमसाहेबांची शेवटपर्यंत सेवा केली. नंतर साहेब ऑस्ट्रेलियात मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी गिताबाईंना बोलावले.

“गिता, ये गाडी तुम रखो,” साहेब म्हणाले. “दूसरा आदमी इसको भंगार कर देगा.”

“साहेब, मला सायकलसुद्धा धड येत नाही,” गिताबाई म्हणाल्या.

“सिखायेगा हम.”

आणि साहेबांनी खरोखरच शिकवले. रेल्वेच्या मैदानावर मी कितीदा बंद पडले, कितीदा गचके खाल्ले! वसाहतीतली पोरे हसत. पण गिताबाई उतरून निघून गेल्या नाहीत. साहेबांनी दौंड सोडले त्या दिवशी त्यांना स्टेशनावर पोहोचवायला गिताबाईंनीच मला नेले.

गिताबाई मूळच्या शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या. तिथल्या बौद्धवाड्यात त्यांची आई, भागुबाई, राहत होती. भागुबाईंनी दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपून दोन्ही मुलांना शिकवले होते. थोरली गिता नर्स झाली. धाकटा हौशीराम दौंडच्या रेल्वे इंजिनांच्या लोकोशेडमध्ये फिटर झाला.

सुट्टीच्या दिवशी गिताबाई मला घेऊन कवठ्याला जात. कधी केडगावला मैत्रिणीकडे जात. त्या अगदी आरामात गाडी चालवत. वाटेत आवडती जागा दिसली की थांबत, पाणी पीत, मग निघत. चाळीसच्या पुढे माझा काटा कधी गेलाच नाही. हौशीराम चिडवायचा, “आक्का, शर्यतीचा घोडा घेतलास आन् चरायला सोडलास.” त्या नुसत्या हसायच्या. मला मात्र पाटसचा रस्ता आठवायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. मळे वाळले. मलठण ते कवठे हा रस्ता दुष्काळी कामात धरला गेला आणि भागुबाई खडी फोडायला जाऊ लागल्या. त्यांच्या शेजारी गावातल्या सोजराबाई बसत. सोजराबाईंचा स्वतःचा मळा होता, मोट होती, फुलांचे वाफे होते. पाणी गेले तसे सगळे गेले. मळ्याची मालकीण आणि पूर्वी त्याच मळ्यात खुरपणारी बाई, दोघी आता एकाच ढिगाऱ्यापाशी हातोडी घेऊन बसत होत्या.

एका सुट्टीला गिताबाई आईला कामावरून घरी न्यायला आल्या. भागुबाई पहिल्यांदाच माझ्यात बसल्या. दोन्ही हातांनी दार धरून त्या म्हणाल्या, “लई खाली हाय गं ही. जमिनीवर बसल्यावानी वाटतंय.”

पुढे एक वळण होते. तिथे नवी खडी पसरली होती, ती अजून दाबलेली नव्हती. गिताबाई हळूच चालवत होत्या, तरीही माझी मागची चाके सरकली. मी आडवी झाले आणि घसरत कडेला गेले. एक चाक पाण्याच्या चारीवर लोंबकळले तेव्हा कुठे मी थांबले.

कोणाला लागले नाही. भागुबाई उतरल्या आणि पदर नीट करून चालू लागल्या.

“आये, थांब की!”

“न्हाई. मी माझ्या पायानं जाते. त्यांचा भरवसा हाय मला.”

गिताबाई खाली वाकल्या. इतके दिवस त्या माझे पत्रे पुसत होत्या, काच पुसत होत्या, पण टायरवर त्यांचा हात कधी फिरला नव्हता. आता त्यांनी अंगठा फिरवला. नक्षी कधीच झिजून गेली होती. टायर पळीच्या पाठीसारखे गुळगुळीत झाले होते. एका जागी रबर फाटून आतले धागे दिसत होते.

मागून आलेल्या बायांनी मला ढकलून रस्त्यावर आणले. मग गिताबाई मला अगदी धीम्या गतीने चालवत आईच्या मागोमाग घरी आल्या. वाटेत एवढेच म्हणाल्या, “आये, तू बसशील. मी बसवीनच तुला.”

पुढच्या सुट्टीला त्या आणि हौशीराम शिरूरला बबनरावांच्या टायरच्या दुकानात गेले. नगर रोडवरचे ट्रक तिथे थांबत, त्यामुळे दुकान नेहमी गजबजलेले असे. कोपऱ्यात परदेशी टायरांचा एक संच पडला होता. रुंद, काळेभोर, बुटक्या बाजूंचे ते चार टायर एका शर्यतवाल्याने मागवले होते. तो न्यायलाच आला नाही. माझ्या चाकांना ते बरोबर बसत होते.

मित्रांनो, खरे सांगते, ते बघून माझे इंजिन धडधडले. हौशीरामचे डोळेही चमकले.

“आक्का, हेच घे. अगं, स्पोर्ट गाडी हाय ही. तिला हेच शोभतं.”

गिताबाईंनी रबरात नख दाबले. नख आत गेले.

“बबनराव, हे कशाला चांगले?”

“येगात वळण घ्यायला, ताई. डांबराला असं धरून बसतंय की बास. पण रबर मऊ. लवकर झिजतंय. आन् बाजू पातळ.”

“पातळ म्हणजे? खडीचं टोक लागलं तर?”

“कापायचं,” बबनराव सरळ म्हणाले.

मग त्यांनी रिमोल्ड दाखवले. जुन्या टायरांवर नवे रबर चढवलेले होते ते. गिताबाईंनी आतून हात फिरवला, आतला जुना धागा चाचपला आणि मान हलवली. शेवटी बबनरावांनी माळ्यावरून साधे टायर काढले. घरगुती मोटारीला लावतात तसले. नक्षी खोल, रबर टणक, बाजू जाड. दिसायला अगदीच गरीब.

“हे तुमच्या गाडीला बसतील. वजनबी पेलतील. पण येगात वळायचं असलं तर धरणार न्हाईत, आधीच सांगतो. तुम्ही कसं चालवता?”

“सावकाश. डांबर थोडं, खडी जास्त. आणि शेजारी म्हातारं माणूस.”

“मग हेच.”

हौशीराम कळवळला. “आक्का, अगं लोक हसतील! म्हणतील, पैलवानाला शाळेतले बूट घातले.”

गिताबाई त्याच्याकडे वळल्या. “हौशा, लोक टायरवर बसणार न्हाईत. आये बसणार हाय.”

बबनरावांनी सुचवले, “मागचे दोनच बदला ताई. पुढचे आजून थोडे चालतील.”

“नको. चारही एकसारखे. आणि स्टेपनी तपासा.”

असे माझ्या पायात साधे टायर आले. मला वाईट वाटले. ज्या अंगात पळण्याची ताकद आहे त्याला चालायचे बूट का, असे मला वाटे. पहिले काही दिवस चाके जड वाटली. रस्त्यावर घूं घूं आवाज येई. वळणावर मी पूर्वीसारखी चपळ राहिले नव्हते. गिताबाईंनाही ते जाणवले. त्या वळणाच्या अलीकडेच वेग कमी करू लागल्या. दर सुट्टीला निघण्याआधी चारही टायरांची हवा बघू लागल्या. हळूहळू आम्हा दोघींचे जमले.

पण भागुबाई काही बसायला तयार नव्हत्या.

“येतेस का आये? टायर नवे हायेत.”

“न्हाई.”

गिताबाई रागावल्या नाहीत. काम सुटले की भागुबाई रस्त्याच्या कडेने चालत आणि गिताबाई मला त्यांच्या चालीने शेजारून नेत. सगळ्या बाया हसत. माझे इंजिन तापून लाल होई. तरी दर सुट्टीला आमची ही वरात निघत असे. त्या आईला बोटाने दाखवत म्हणत, “हे बघ, खडी आली. सरकले का चाक? न्हाई ना?” भागुबाई चाकाकडे बघत आणि चालत राहत.

उन्हाळ्यात एका दुपारी मी रस्त्याच्या कडेला सावलीत उभी होते. गिताबाई आईसाठी भाकरी घेऊन आल्या होत्या. गाडीवानाने मोठमोठे दगड भरलेली बैलगाडी मागे घेतली. गाडी कलली आणि वरचा दगड निसटला. किंकाळी ऐकू आली. सोजराबाईंचा पाय दगडाखाली सापडला होता.

बायांनी दगड ढकलला. नडगी फुटली होती. रक्त थांबत नव्हते. गिताबाईंनी स्वतःच्या साडीचा पदर फाडून पाय जखमेच्या वर करकचून बांधला.

“शिरूरला न्यायला पाहिजे. आत्ताच!”

“एस्टी सांजच्याला हाय,” मुकादम म्हणाला. कामावरची जीप पुण्याला गेली होती.

“माझी गाडी आहे. उचला. पण वाटभर कुणीतरी जखम दाबून पाय वर धरायला पाहिजे. मला स्टिअरिंग सोडता येणार नाही.”

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वळणावर मी कशी आडवी झाले होते, ते सगळ्यांना ठाऊक होते. सोजराबाईंचे ओठ पांढरे पडत चालले होते.

भागुबाईंनी हातातली हातोडी खाली ठेवली. पदराला हात पुसले आणि माझ्यापाशी आल्या. बायांनी सोजराबाईंना पुढच्या सीटवर निजवले. भागुबाई मागच्या फळीवर आडव्या बसल्या, सोजराबाईंचे डोके कुशीला घेतले, पाय दाराच्या कडेवर वर ठेवायला लावला आणि पुढे झुकून दोन्ही हातांनी जखम दाबली. खडी फोडून फोडून ते हात लाकडासारखे झाले होते. ते हलले नाहीत.

“चल पोरी,” त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या दिवशी गिताबाईंनी मला आजवर चालवले नव्हते तसे चालवले. बेफाम नाही, पण एक क्षणही वाया न घालवता. सगळा रस्ता ताज्या, धारदार खडीचा होता. माझ्या पोटावर दगड ताडताड आपटत होते. सोजराबाई कण्हत होत्या, “भागुबाई, सोडू नगा मला.”

“न्हाई सोडत. डोळं मिटू नगा तेवढं.”

ते वळण आले. गिताबाईंनी अलीकडेच वेग कमी केला. मी चारही टायर खडीत रोवले. मागचे चाक किंचित सरकले आणि लगेच धरून राहिले. तेवढ्यात एका टोकदार दगडाने माझ्या टायरच्या बाजूला जबर तडाखा दिला. हवा गेली असती तर सगळेच संपले असते. पण हवा गेली नाही. मलठण मागे पडले, डांबर लागले आणि आम्ही शिरूरच्या दवाखान्यात पोहोचलो.

डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत. आणखी थोडा उशीर झाला असता तर बाई गेल्या असत्या.”

सोजराबाई वाचल्या. पुढे त्या थोड्या लंगडत, पण आपल्या मळ्यात आपल्या पायाने फिरत.

गिताबाईंनी दवाखान्यातून फोन केला तसा हौशीराम संध्याकाळपर्यंत दौंडहून शिरूरला आला. त्याने माझ्या टायरची बाजू पाहिली. रबरात बोट जाईल एवढी खाच पडली होती, पण आतला धागा शाबूत होता. तो त्या खाचेत बोट फिरवू लागला. मग म्हणाला, “आक्का, त्या शर्यतवाल्या टायरांवर मी उगीच अडून बसलो होतो.”

“तू गाडीच्या हौसेनं बोललास,” गिताबाई म्हणाल्या. “चल, हा टायर उतरव. स्टेपनी लावू. एवढ्या खाचेवर आयेला घेऊन जायचं न्हाई.”

भागुबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. या वेळी त्यांनी दार धरले नाही.

कवठे जवळ आले. त्या काळी बौद्धवाड्यातली माणसे सवयीने गावाबाहेरच्या वाटेने घरी जात. गिताबाई तिकडे वळणार, तोच भागुबाई म्हणाल्या, “तिकडं नगं. वेशीतनं घे. पारापाशनं.”

गिताबाईंनी आईकडे एकदा पाहिले आणि मला वेशीतून आत घेतले. पारावर माणसे बसली होती. सोजराबाईंच्या घरची माणसेही होती. मला पाहून ती उठून उभी राहिली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, “भागुबाई, कशी हाय आमची सून?”

“बरी हाय, आबा. डॉक्टर म्हंत्यात, महिन्यात उभी ऱ्हाईल.”

म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले. भागुबाईंनी तसाच नमस्कार केला आणि लेकीला म्हणाल्या, “चल आता. हळू घे, पोरं खेळत्यात.” सबंध गावातून मी चालत गेले म्हणा ना. पण पाटसच्या रस्त्यावर इतकी वर्षे पळून मला जे मिळाले नव्हते ते त्या दिवशी मिळाले.

त्यानंतर बरीच वर्षे गेली. मधे गिताबाईंची सोलापूरला बदली झाली आणि मी कवठ्याला घरामागच्या शेडमध्ये उभी राहिले. माझ्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. एकाच जागी उभे राहून टायरांना भेगा पडल्या. परत आल्यावर गिताबाईंनी ते चारही काढून टाकले. नक्षी अजून शिल्लक होती, तरी काढले. पुन्हा साधेच, जाड बाजूचे टायर आणले. या वेळी ते निवडायला हौशीराम एकटा गेला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असो, फटफटी असो की मोटार, तिला पुसायला फडके घ्याल तेव्हा आधी खाली वाका. टायरवरून अंगठा फिरवा. हवा बघा, भेगा बघा, बाजू बघा. आणि टायर बदलायची वेळ आली तर गाडीचा तोरा बघू नका. आपण कुठल्या रस्त्याने जातो, किती वेगाने जातो आणि आपल्या शेजारी कोण बसते, एवढे स्वतःला विचारा. उत्तर मिळाले की त्यावर ठाम राहा, कोणी कितीही हसू दे. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या पायांची काळजी तुम्हीच घ्यायची आहे. कारण रस्त्यावर तुमचा जीव आमच्या त्या चार पायांवर असतो.