मासे ज्या वाट्यात होते

आमचा घटस्फोट झाला, पण घरातलं सामान जागेवरच राहिलं. फ्रिज कुणाचा, यावरून दोन रविवार वाया गेले. शेवटी त्याची थोरली बहीण आली.

"लहानपणी आमची एका बिस्किटावरून मारामारी व्हायची," ताई म्हणाल्या. "आई म्हणायची, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं उचलायचं. वाटे तू कर गं. बाळ्या उचलेल."

"मी का नाही करायचे?" त्यानं विचारलं.

"कारण तू तोडताना कडा चाटून ठेवायचास."

मला फक्त मासे हवे होते. खिडकीजवळच्या टाकीतले पाच. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. टाकी मीच लावली आणि मीच सांभाळली. त्यानं कधी चिमूटभर खाणंही टाकलं नव्हतं. तरी सरळ मागावेत असं मनात आलं नाही. अलीकडे जे मागावं त्यावरून भांडण होत होतं.

म्हणून मी वाटे केले. बाहेरच्या खोलीत फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, नवा पलंग. आतल्या खोलीत बसलेली गादी, डुगडुगणारं टेबल, झाकण हरवलेला मिक्सर आणि मासे.

ताई दोन्हीकडे फिरून आल्या. "अगं, हे वाटे आहेत की थट्टा? आंधळासुद्धा चाचपून सांगेल कुठला घ्यायचा."

तो फ्रिजला टेकून उभा होता. त्यानं फ्रिजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

"बाळ्या, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"हिनं एवढा फ्रिज सोडला, म्हणजे खरा माल आत आहे."

तो काय उचलेल हे मी त्याच्या स्वभावावरून ठरवलं होतं. त्यालाही माझा स्वभाव ठाऊक आहे, हे धरायचं राहून गेलं. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळलं.

मासे हलवायचे तर टाकीतलं जुनं पाणीही न्यावं लागतं. त्याला ते माहीत नव्हतं. मी दोन कॅन भरले आणि माशांची पिशवी मांडीवर घेऊन ताईंच्या गाडीत बसले.

त्याच्या नव्या खोलीत टाकी लावली. पिशवी न सोडता पाण्यावर तरंगत ठेवली. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत थांबावं लागतं. ताई चहा टाकायला गेल्या. आम्ही दोघं पिशवीकडे बघत बसलो.

"मला मासे नकोच होते," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मागितले असतेस तर दिले असते."

मी विचार केला. कदाचित दिलेही असते.

"घेऊन जा ना."

"पुन्हा हलवले तर जगतीलच असं नाही."

मी पाण्यात बोट घालून पाहिलं आणि पिशवीची गाठ सोडली. मासे एकेक करून बाहेर आले आणि तळाशी जाऊन थांबले.

"फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नकोस," मी म्हटलं. "टाकीतलंच पाणी भांड्यात काढून त्यात पिळायचा."

"बरं. आणि खायला किती घालायचं?"

"चिमूटभर."

"तुझी चिमूट की माझी?"

मी डबा उघडला, दोन बोटांत मावले तेवढे दाणे घेतले आणि त्याच्या तळहातावर ठेवले.

"एवढेच. आज नाही, उद्यापासून."

त्यानं मूठ मिटली.