दुपारचे म्हातारे उंदीर

प्रयोगशाळेतल्या ताईंचं नाव बावीस वर्षांत पहिल्यांदा छापून येणार होतं. शोधनिबंधावर, तिसऱ्या जागी. सरांनी तसं तोंडभरून सांगितलं, आणि बाई चार दिवस खुळ्यासारखी हसत फिरली. पण सांगायला घरात होतं कोण? धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "छान झालं गं ताई. बरं, जेवलीस का?"

ताईंकडे पदवी नव्हती. हात होता. उंदराच्या मेंदूचा नखाएवढा पातळ काप जिवंत ठेवायचा, केसाहून बारीक काचेची नळी त्यातल्या एका पेशीला लावायची आणि तिला काय ऐकू येतं ते टिपायचं. हे काम ती अशा सफाईने करायची की पदवीवाले मागे उभे राहून बघायचे. बघायचे आणि निबंधावर आपली नावं घालायचे.

एक पेशी दुसरीला निरोप देते तो ग्लुटामेट नावाच्या रसायनाने. ते अती झालं तर ऐकणारी पेशी करपते. म्हणून सोडणाऱ्या पेशीच्या टोकावर रिसेप्टर असतात. कानच म्हणा ना. ऐकणारी उलट कळवते, "पुरे," आणि ते ऐकून सोडणारी हात आखडता घेते. सरांचं औषध तेच "पुरे" बाहेरून म्हणायचं. हात आखडला का, हे ओळखायची युक्ती सोपी होती. विजेच्या लागोपाठ दोन टिचक्या द्यायच्या. पहिलीला पेशीने कमी सोडलं तर शिल्लक उरते आणि दुसरीला मोठी उसळी येते. दुसरी जितकी वरचढ, तितका ब्रेक घट्ट.

तरुण उंदरांत औषधाने ब्रेक लागायचा. म्हाताऱ्यांत ढिम्म फरक पडायचा नाही. सरांनी निष्कर्ष ठोकला: म्हातारपणी मेंदूला "पुरे" ऐकू येत नाही. परिषदेत टाळ्या पडल्या. वाजवणारे निम्मे साठीचे होते, त्यांना काही वाटलं नाही.

निबंधासाठी शेवटची आकृती जुळवताना ताईंचा हात थांबला. म्हाताऱ्यांत औषध द्यायच्या आधीच दुसरी उसळी मोठी होती. म्हणजे ब्रेक आधीच लागलेला होता. लावला कुणी?

तरुण उंदराचा काप सोपा, म्हणून तो सकाळी उरकायचा आणि म्हातारा दुपारी, ही त्या खोलीची वहिवाट होती. कापाला जिवंत ठेवणारं द्रावण आणि औषध आणणारी जुनी कडक नळी गळायची, म्हणून वर्षापूर्वी रबराची मऊ नळी बसवली होती, ती ताईंनीच. औषध तेलकट. सकाळचं औषध रबरात मुरायचं आणि दुपारी म्हाताऱ्यांच्या कापावर थेंबथेंब उतरायचं. नळी स्पिरिटने धुतली जायची ती फक्त संध्याकाळी. दुपारी नुसतं पाणी.

ताईंनी नवी कडक नळी लावली. तीन दिवस, रोज सकाळी, एकेक म्हातारा उंदीर. तिन्ही वेळा औषधाने ब्रेक लागला. ठसठशीत.

ती कागद घेऊन सरांपुढे उभी राहिली.

"परवा निबंध जातोय आणि तुम्ही तीन उंदीर घेऊन आलात?" सर म्हणाले.

"निकाल तीनच आहेत, पण उंदरांचे आहेत. तुमचे चाळीस नळीचे आहेत."

"नळी कुणी बदलली?"

"मी."

"मग?"

"मग मीच सांगतेय ना!"

सर मऊ झाले. मोठी माणसं अशा वेळी फार लवकर मऊ होतात. "ताई, तुमचं नाव आहे त्यावर. आत्ता जाऊ दे. पुढच्या निबंधात हळूच दुरुस्त करू."

"म्हाताऱ्यांना चांगलं ऐकू येतंय, सर. आपणच आधीपासून त्यांच्या कानाशी ओरडत होतो. थांबवणार नसाल तर हे कागद मी संस्थेच्या चौकशी समितीला देते."

सरांनी निबंध थांबवला. आभार मानले नाहीत. ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्यावर उभा होता, ती दारात येऊन म्हणाली, "माझं वर्ष गेलं, ताई. नळी बघायचं काम तुमचंच होतं ना?"

होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिला नवं नाव पडलं, नळीताई. ती डबा घेऊन टेबलाशी आली की गप्पा आटपायच्या, एकेकाला अचानक काम आठवायचं. शिव्या दिल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

चाळीस म्हातारे पुन्हा करायचे होते. सरांनी चिठ्ठी पाठवली: तुम्हीच करा. वास्तविक त्या खोलीत दोन माणसं लागायची. एकाने सूक्ष्मदर्शकाशी बसून वेळ पुकारायची, दुसऱ्याने वहीत उतरवायची. लिहिणाऱ्या विद्यार्थिनीची खुर्ची रिकामी होती. दिवा मालवून ताईंनी काचेची नळी पेशीला टेकवली. पकड बसली. दोन टिचक्या दिल्या. औषधाआधीची दुसरी उसळी बेताचीच होती, ब्रेक मोकळा होता.

"औषध सुरू, दहा वाजून चार," ती मोठ्याने म्हणाली.

कुणीच लिहिलं नाही. मग ती उठली, पलीकडच्या खुर्चीत बसली आणि लिहून घेतलं.