अकरा मिलिमीटरच्या आत

काच काढायची नाही, नुसती जाडी सांगायची, म्हणजे तेवढ्याच जाडीची नवी मागवता येईल, एवढंच फोनवर ठरलं होतं. म्हणून काचवाली पिशवीत पुठ्ठ्याची पट्टी, पेन्सिल आणि स्पिरिटची बाटली टाकून निघाली. पट्टी तिच्या वडिलांनी केलेली. ते गेल्यावर दुकानाबरोबर तीही तिच्याकडे आली.

दार उघडणाऱ्या तरुण बाईच्या कडेवर दीड वर्षांची मुलगी होती. आई तिला ठकी म्हणत होती आणि ठकी आईचा कान ओढत होती.

"या ताई. हिच्या खोलीतली खिडकी. आमचे हे म्हणतात, चांगली काच कशाला बदलतेस? तुला काय, काचेतसुद्धा भुतं दिसतात."

"आणि दिसतं काय?"

"तुम्हीच बघा."

खिडकी जमिनीपासून वीतभर उंचीवरच सुरू होत होती. खालच्या कोपऱ्यात, तिरप्या उन्हात, लहान मुलाचा एक पंजा उमटला होता.

"घासून घासून माझी बोटं झिजली. आतून पुसलं, गॅलरीत जाऊन बाहेरून पुसलं. थंडीत काचेवर वाफ धरते ना, ती सगळीकडे धरते, पण त्या हातावर धरत नाही. ठकी उठली की आधी तिथे जाते, हात टेकवते आणि हसते. कुणाकडे बघून हसत असेल हो?"

काचवाली हसली नाही. खाली मांडी घालून बसली आणि सवयीने आधी माप घेतलं. पट्टी काचेला तिरकी टेकवली की तिच्यावरच्या काळ्या रेघेची दोन प्रतिबिंबं दिसतात, एक काचेच्या अलीकडच्या अंगाचं, दुसरं पलीकडच्या. दुसरं ज्या आकड्यावर पडेल ती जाडी. इथे ते अकरावर पडलं. आणि दोन्हींच्या मध्ये आणखी एक रेघ होती, अगदी पुसट, असून नसल्यासारखी.

म्हणजे काच एक नव्हती. पाच-पाच मिलिमीटरच्या दोन काचा, मध्ये ओतलेला मिलिमीटरभर चिकट रस. असं काम पूर्वी या भागात एकच माणूस करायचा, तिचे बाबा.

तिने पेन्सिलीचं टोक पंज्याच्या मधोमध टेकवलं आणि मान डावीउजवीकडे हलवली. टोक जागच्या जागी, पंजा मात्र सरकला. गॅलरीत जाऊन तेच केलं. तिकडूनही सरकला. हात ना आत होता, ना बाहेर. तो काचेच्या पोटात होता.

मग वाफेचं काय? काचेच्या वरच्या अंगावर तेलकट डाग असेल तरच वाफ तिथे धरत नाही. तिने स्पिरिटने काच लख्ख पुसली आणि जवळ जाऊन हळूच फुंकर घातली. काच पांढरी झाली. पंजा तेवढा स्वच्छ राहिला, त्यातून गॅलरीतली कुंडी दिसत होती. चार बोटं. अंगठ्याच्या जागी मात्र कापडाची वीण, उभे-आडवे धागे, मोजता येतील असे.

तिने त्या विणीवर बोट टेकवलं.

ती चिंधी तिनेच बांधली होती. तेव्हा ती दहा वर्षांची, भाऊ साडेतीन वर्षांचा. सगळे त्याला गुंड्या म्हणायचे. आई कामावर गेली की त्याला सांभाळायचं ते तिने. ती मैत्रिणीशी सागरगोटे खेळत बसली आणि गुंड्याने बाबांच्या काचेच्या कारखान्यातल्या गंजक्या पत्र्यावर अंगठा कापून घेतला. ओरडा बसेल म्हणून तिने धुतलंसुद्धा नाही. चिंधी गुंडाळली आणि म्हणाली, "बाबांना दाखवायचं नाही हं. शहाणा ना माझा?" गुंड्या शहाणा. हात पाठीमागे लपवून दिवसभर हिंडला. रस ओतण्याआधी काचेच्या आतल्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, हा बाबांचा दंडक. पण तेवढ्यात केव्हातरी त्याने तो टेकवला असणार. दहाव्या दिवशी धनुर्वाताने गेला. जखम कधीची, कुणी झाकली, हे कुणाला कळलं नाही. निदान तिला तसं वाटत होतं.

"ताई?" ठकीची आई म्हणाली. "बरं वाटत नाही का? तुमच्यासारखेच एक म्हातारे काचवाले दरवर्षी यायचे. पुट्टी तपासतो म्हणायचे. तुम्ही बसलात ना, तिथेच बसून राहायचे. पुट्टीला बोटसुद्धा लावत नसत."

काचवालीने डोळे मिटले. बाबांना दिसलं होतं तर. चिंधी ओळखली होती, गाठ कुणाची तेही. आणि मरेपर्यंत शब्दाने बोलले नव्हते.

"किती भरली जाडी?"

अकरा, एवढं म्हटलं की झालं. नवी येईल. ही जुनी, पुट्टीमागे सिमेंटमध्ये बसवलेली, अख्खी निघायची नाही. हातोडी घातली की चिंधीही गेली, धागेही गेले. तिच्या स्वतःच्या आईला कधी काही कळणार नाही. वीस वर्षं तिला हेच हवं होतं.

ठकी आईच्या कडेवरून उतरली, दुडदुडत आली आणि पंज्यावर आपला पंजा ठेवून खिदळली. काचवालीने तिच्याकडे पाहिलं. मग काचेकडे. खिदळणं थांबलं, तरी एक क्षण खोलीत कुणीतरी हसत होतं.

"अकरा," ती म्हणाली. "पण मी फोडणार नाही."

"तुम्ही नाही तर दुसरा कुणी फोडेल."

"फोडेल ना." मग तिने सांगितलं. सागरगोट्यांपासून. एकही शब्द सोडला नाही, आणि आवाजही चढवला नाही.

ठकीच्या आईने मुलीला उचलून छातीशी धरलं.

"तुमची आई आहे?"

"आहे."

"त्यांनी पाहिलाय हा हात?"

"नाही. तिला यातलं काहीच माहीत नाही."

"मग आधी त्यांना आणा," ती म्हणाली. "काचेचं नंतर बघू. काय करायचं ते त्यांनी सांगायचं. मी कोण?"

काचवालीने फोन लावला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

"काय गं, दुकान बंद केलंस की काय इतक्यात?" आई म्हणाली.

"आई, साडी बदल. तुला न्यायला येतेय."

"कुठे?"

"गुंड्याला बघायला," ती म्हणाली. "आणि मला तुला काहीतरी सांगायचंय. वाटेत नाही. तिथे बसल्यावर."