नराच्या फेसाचा वास

रविवारी दुपारी बाबा लेकीकडे आले, ते नेमके तिचे विभागप्रमुख चहाला यायच्या वेळेला. तिने त्यांना दारातच अडवलं.

"बाबा, पुन्हा एकदा साबण लावून घ्या ना."

"दोनदा घासलंय गं. आता काय कातडी सोलू?" ते हसले. "आणि मला तर कसला वासच येत नाही."

तिला ते सोंग वाटलं. खरं तर हा वास काही नाकांना जन्मापासूनच येत नाही, हे ती स्वतः दरवर्षी वर्गात शिकवायची.

बाबा डुक्करपालन केंद्रात कामाला होते. कोणती मादी माजावर आलीय हे कळावं म्हणून नराला पिंजऱ्यांपुढून फिरवायचं, हे त्यांचं काम. त्याचा वास त्यांच्या केसांतसुद्धा मुरला होता. कॉलेजात मात्र ती सांगायची, "वडील पशुसंवर्धनात आहेत." खोटं काही नव्हतं त्यात.

"बरं बाई, निघतो मी. तुझ्या साहेबांनी नाक मुरडायला नको," असं म्हणून ते उंबऱ्यावरूनच परतले. दुसऱ्या दिवशी कामावर असतानाच छातीत कळ आली आणि बाबा गेले.

दिवसकार्य उरकून ती कॉलेजात रुजू झाली, तेव्हा अभ्यासक्रम नेमका त्या वासाच्याच धड्यावर आला होता.

"नराच्या वृषणात कोलेस्टेरॉलपासून हे स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने तयार होतं," ती फळ्याकडे वळून सांगू लागली. "रक्तातून ते चरबीत साठतं, लाळग्रंथींतही पोचतं. नर रिकामाच जबडा हलवू लागला की तोंडाला फेस येतो आणि वास पसरतो. माजावरची मादी जागीच थिजते. पाठ दाबली तरी हलत नाही."

"म्हणजे मॅडम, असला फेसाळलेला नर घेऊन कुणीतरी हिंडत असणार?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"शी! त्याला घरात तरी कोण घेत असेल?" शेजारणीने टोला हाणला. वर्ग खिदळला.

दरवर्षी इथे कुणी ना कुणी असलं काही बोलायचं आणि तीही थोडं हसून पुढे जायची. आजही सवयीने तिचे ओठ हलले. ते जाणवलं तशी ती शरमेने कानापर्यंत तापली. खडू ठेवून ती वर्गाकडे वळली.

"ते काम माझे वडील करायचे," ती म्हणाली. "आणि मी त्यांना घरात घेतलं नाही."