तिरकी

डोळे मिटा बघू. पूर्ण मिटा, बोटांच्या फटीतून बघणे चालायचे नाही. आता समोर एक खिडकी आणा. खिडकीखाली लाकडी टेबल. त्याचा एक पाय जरा आखूड आहे, म्हणून त्याच्याखाली कागदाची घडी सरकवलेली आहे. टेबलावर खळीचा डबा, ब्रश, ओले फडके आणि लेबलांचा गठ्ठा. टेबलामागे जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक आजोबा, आणि शेजारी उपड्या क्रेटवर एक मुलगी. आजोबा डाव्या हाताने बाटलीवर लेबल चिकटवतात आणि मुलगी मान वाकडी करून ते वाचते.

दिसले? मग उघडा डोळे. ती मुलगी म्हणजे खारू. पेन्सिली कुरतडायची म्हणून घरी हे नाव पडले आणि मागोमाग शाळेतही पोचले.

"आबा, हे पण वाकडं," खारू म्हणाली.

"दिसतंय मला."

"सरळ करू?"

"हात लावू नकोस. ओलं आहे, सुरकुती पडेल. वाकडं खपतं, सुरकुतलेलं खपत नाही."

हा कारखाना बीअरचा होता. बीअर कशी लागते ते मी सांगणार नाही. मोठे झाल्यावर तुमचे तुम्ही बघा. आपल्या गोष्टीचा संबंध बाटलीच्या बाहेरच्या अंगाशी आहे.

कारखाना म्हणजे तरी काय, जुन्या दूध डेअरीतल्या दोन खोल्या. मागच्या खोलीत मोठी पिंपे, आणि त्यांच्याभोवती दिवसभर गमबूट घालून फिरणारी ताई. ताईच मालकीण, ताईच बीअर करणारी, आणि नळी तुंबली तर ताईच प्लंबर. पुढच्या खोलीत दोन बाक होते. संध्याकाळी गावातली मंडळी तिथे येऊन बसत. मधल्या चिंचोळ्या जागेत, खिडकीपाशी, खारूच्या आबांचे टेबल. शाळा सुटली की खारू तिथेच येई, कारण तिची आई शिवणाच्या दुकानातून उशिरा परते. कारखान्यात आबांना सगळे डावरेकाका म्हणत. हे काही त्यांचे आडनाव नव्हे. डावखुरे, म्हणून डावरे.

बाटली आडवी ठेवायला तिथे एक लाकडी साचा होता, उजव्या हाताच्या माणसासाठी केलेला. आबांचे डावे कोपर त्याच्या फळीला अडे आणि लेबलाचे उजवे टोक वर जाई. फार नाही, एखाद्याने भुवई उडवावी इतकेच. पुढे ताईने सुताराकडून मुद्दाम उलटा साचा करून घेतला. तरी लेबल तिरपेच. आता नाचता येईना अंगण वाकडे म्हणायचीही सोय उरली नाही, कारण अंगण सरळ झाले होते.

बीअरला एक भारदस्त नाव होते, लेबलावर ठळक छापलेले. ते कुणी घेत नसे. बाकावर टेकता टेकता लोक ओरडत, "ताई, दोन तिरक्या!" कधीमधी प्रवासाला आलेले लोकही बाकावर बसत आणि जाताना एखादी तिरकी कपड्यांत गुंडाळून आपल्या देशी नेत. सगळ्यांना वाटे, ही काकांची खास ढब आहे.

"काय हात आहे हो काका तुमचा!" सलूनवाला म्हणे. "तिरकी म्हणजे कशी, टोपी कलती घातल्यासारखी." त्याने एक रिकामी बाटली सलूनमध्ये आरशापुढे ठेवली होती, कंगवे खोचायला.

"अहो, मी सरळच लावायला जातो," आबा सांगत.

"हां, हां. मोठी माणसं असंच म्हणतात."

पण आबा खरे बोलत होते. रोज पहिल्या बाटलीला ते श्वास रोखून लेबल लावत आणि मनात म्हणत, आज सरळ. एक तरी सरळ. मग बाटली उभी करून बघत आणि श्वास सोडत. हे फक्त खारूला माहीत होते, कारण सोडलेला श्वास तिला शेजारी ऐकू येई.

त्या दुपारी ताई गमबुटांसकट धावत आली.

"काका, जमलं! आपली बीअर जहाजाने जाणार. समुद्रापलीकडे, तिथल्या दुकानांत!"

"किती?"

"अख्खा कंटेनर. आणि आवडली तर पुढेही."

आबांनी खळीच्या डब्यात डोकावून पाहिले. "मग ब्रश नवा लागेल."

ताई हसली, पण हसू लगेच आटोपते घेऊन क्रेट ओढून बसली. "काका, इतक्या बाटल्या एका माणसाच्या हातून नाही व्हायच्या. लेबलाचं मशीन घ्यावं लागेल."

"घ्या की."

"ठेवायला जागा हीच आहे. खिडकीची."

आबांनी समोरच्या बाटलीवरून फडके फिरवले. ती पुसून झालेलीच होती. "खरं आहे. माझे हात दोन, त्यातला कामाचा एक, तोही डावा," ते म्हणाले. "मग मी काय करू?"

"खोकी बांधा. तुम्हाला सोडून मी कारखाना चालवणार आहे होय?"

खारूने ताईकडे रोखून पाहिले, पण तिला राग धरता येईना. गोष्टीत कुणीतरी दुष्ट असले की बरे पडते, मुलांनो. इथे तशी सोय नाही.

संध्याकाळी बातमी बाकांवर पोचली.

"चालली लेक परदेशी," नोकरीतून निवृत्त झालेले पोस्टमनदादा म्हणाले.

"आता कसली आपल्याला ओळख देते!" सलूनवाला म्हणाला. "ताई, भाव वाढवलेस तर सांगून ठेवतो, घरी बसून पाणी पिईन."

"तुम्ही? पाणी? पाण्याला सोसायचं नाही ते."

सगळे हसले. पण उठताना पोस्टमनदादांनी ताईला बाजूला घेऊन हळूच विचारले, "आमच्या वाटणीची राहील ना गं? सगळी नको धाडूस."

"तुमचा बाक कुठे जातोय, दादा?" ताई म्हणाली.

मशीन आले. आबांचे टेबल मागच्या भिंतीला लागले आणि खिडकीपाशी खट् खट् आवाज सुरू झाला. एकेक बाटली पुढे सरके, लेबल घेई आणि पलीकडे जाऊन रांगेत उभी राही. सगळी लेबले सरळ. आबा सुतळीचे टोक दातात धरून बघत राहिले.

"बघ खारू," ते म्हणाले, "आपल्याला नाही जमलं ते हे कसं बिनबोभाट करतंय." आवाजात हेवा नव्हता. हेवा असता तर खारूला एवढे वाईट वाटले नसते.

बाकांवरही मशीनच्याच बाटल्या आल्या. सलूनवाल्याने आपली बाटली हातभर लांब धरली. "हिला काय झालं गं ताई? पाहुण्यांकडे आल्यासारखी ताठ बसलीये!"

जहाज पोचले, बाटल्या तिकडच्या दुकानांत गेल्या आणि काही आठवड्यांनी ताईचा फोन दिवसभर टुणटुणू लागला. संध्याकाळी ती पुढच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"ऐका. तिकडच्या लोकांनी लिहिलंय. एक जण म्हणतो, चव तीच आहे, पण लेबल सरळ दिसलं म्हणून मी नकली समजून दुकानदाराशी भांडलो."

"शाब्बास!" पोस्टमनदादा म्हणाले.

"एक बाई लिहिते, मान वाकडी करून वाचायची सवय झाली होती. आता मान सरळ ठेवली की दुसऱ्याचीच बाटली उचलल्यासारखं वाटतं. आणि हा बघा फोटो. याने अख्खी बाटलीच तिरपी धरलीये. खाली लिहिलंय, दुरुस्त केली."

खारू हसून हसून क्रेटवरून पडायची राहिली. आबा हसले नाहीत.

"माझ्या चुकीपायी भांडले?" ते म्हणाले.

"चूक काय म्हणता, काका! तिकडचा दुकानदार म्हणतोय, तिरकी पाठवा, नाहीतर पुढचा कंटेनर नको."

खारू ताडकन उठली. "मग आबांचं टेबल परत खिडकीत?"

ताईने खाली बघून फोन छातीशी धरला. "नाही गं बाळा. तेवढ्या बाटल्या कुठे व्हायच्या हाताने? मशीनच तिरकं लावेल. उद्या मिस्त्री येतोय. त्याला फक्त एक नमुना पाहिजे." मग ती आबांकडे वळली. "काका, एक बाटली लावून द्याल? तुमच्या हाताची, नेहमीसारखी. तीच ढब मशीनमध्ये बसेल, कायमची."

आबांनी हातातल्या सुतळीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. तुम्हीच विचार करा. जन्मभर एक गोष्ट सुधारायला धडपडावे आणि शेवटी लोकांनी सांगावे, तेवढीच तुमची ठेवणार आहोत, बाकी काही नको.

"देतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा उजेडात आले. ते डुगडुगत होते. आबांनी एका वाया गेलेल्या लेबलाची घडी केली, वाकून आखूड पायाखाली सरकवली आणि खुर्चीत बसले. बाकांवरची मंडळी सकाळीच जमली होती. मिस्त्रीने पिशवीतून पाणसळ काढली. पाणसळ तुम्ही गवंड्याकडे पाहिली असेल: काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात एक बुडबुडा. वस्तू सपाट असली की बुडबुडा मधोमध थांबतो, कलती असली की उंच बाजूला पळतो.

"हवा तेवढा वेळ घ्या, काका," ताई म्हणाली.

घोटाळा इथेच झाला. आजवर कुणी त्यांना वेळ दिलाच नव्हता. एक बाटली हातात, तर दुसरी कोपराशी उभी. शिवाय आज त्यांना सरळ लावायचे नव्हते, तिरके लावायचे होते, आणि ते कसे लावतात हे त्यांना कुठे माहीत होते!

पहिले लेबल लागले. उजवे टोक पार वर चढले.

"काका, ही पडली," सलूनवाला म्हणाला.

"गप बस रे," पोस्टमनदादांनी त्याला दटावले.

आबांनी दुसरी रिकामी बाटली साच्यात ठेवली. खळ पातळ लावली. श्वास रोखला. लेबल टेकवले, मधून कडेकडे बोट फिरवले, डावीकडे, उजवीकडे, अगदी सावकाश. बाटली उभी केली. मिस्त्रीने लेबलाच्या खालच्या कडेला पाणसळ धरली. बुडबुडा इकडे गेला, तिकडे गेला आणि मधोमध येऊन थांबला.

"काका, हे सरळ आहे."

"पुन्हा बघ."

"बघितलं की. मशीनपेक्षा सरळ आहे."

सगळ्यांनी वाकून बुडबुडा पाहिला. मग पोस्टमनदादांना हसू फुटले आणि सगळी खोली हसू लागली. आबाही हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले. खारू मात्र कान देऊन होती. नेहमीचा तो सोडलेला श्वास तिला अजून ऐकू आला नव्हता.

सलूनवाला धावत गेला आणि आपली बाटली घेऊन आला. आतून कंगव्यांना लागलेले दोन केस निघाले.

"हा घ्या नमुना. पण परत पाहिजे हं. माझे कंगवे उघड्यावर पडलेत."

मिस्त्रीने त्या बाटलीचा तिरपेपणा मोजला, मशीनचे दोन स्क्रू फिरवले आणि खट् खट् सुरू झाले. आता एकेक बाटली भुवई उडवून बाहेर येऊ लागली. सगळ्यांची भुवई सारखीच.

"जुळ्या बहिणींची शाळा भरली," पोस्टमनदादा म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

टेबल पुन्हा मागच्या भिंतीकडे गेले. पायाखालची घडी फरशीवर राहिली. ती खारूने उचलून खिशात टाकली.

"ताई, ही सरळवाली मी घरी नेऊ का?" आबांनी विचारले.

"अहो काका, विचारता काय!"

घरी आबांनी ती रिकामी बाटली खिडकीशेजारच्या फळीवर ठेवली, दोन पावले मागे आले आणि बघतच राहिले. लेबलाचे उजवे टोक वर गेलेले दिसत होते. नेहमीसारखे.

"घ्या," ते म्हणाले. "गेली मूळ वळणावर. त्या मिस्त्रीची पाणसळच बिघडलेली असणार." ते हसले, पण थोडेसेच, आणि बोटांच्या रेघांत बसलेली खळ धुवायला मोरीकडे गेले.

खारू तिथेच उभी राहिली. पाणसळ बिघडलेली कशी असेल? तिने बुडबुडा स्वतः पाहिला होता. तिने एका बशीत थोडे पाणी घेतले आणि बशी बाटलीशेजारी फळीवर ठेवली. पाणी बशीच्या डाव्या काठाला जाऊन साचले. म्हणजे लेबल नव्हे, फळीच उतरती होती. (तुमच्या घरातल्या फळ्याही अशा तपासून बघा. आईला सांगून, आणि पाणी थोडेच घेऊन.)

मोरीत नळ वाहत होता. खारूने खिशातून ती लेबलाची घडी काढली. बाटली किंचित उचलली, घडी तिच्या डाव्या कडेखाली सरकवली, जरा मागे घेतली, पुन्हा सरकवली. मग दोन पावले मागे जाऊन, मान अगदी सरळ ठेवून, तिने लेबलावरचे ते भारदस्त नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले, आणि आबांना हाक मारली.